वन्यजीवपोषक उद्यानकला, ब्रिटनमधील

बागेची आखणी, लागवड व निगा करताना माणसाच्या गरजा आणि नेत्रसुख यांच्या जोडीने पक्षी, कीटक, उभयचर प्राणी, जमिनीतील जीव आणि रानटी वनस्पती यांच्या निर्वाहाचाही विचार करणाऱ्या उद्यानपद्धतीस वन्यजीवपोषक उद्यानकला म्हणतात. अभयारण्य किंवा राखीव क्षेत्र यांहून ती भिन्न आहे. कारण येथे माणसाची वस्ती, त्याची भाजी, फुले व हिरवळ ही गृहीतच असतात आणि त्यांच्यामध्येच वन्य जीवांना वाटा दिला जातो. अशी उद्याने आज अनेक देशांत आढळतात. तथापि या कल्पनेचा उदय, तिच्यात शिरलेले भ्रम आणि प्रत्यक्ष मोजणीने झालेले त्यांचे निरसन यांचा सलग इतिहास ब्रिटनमध्ये विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो. रानासारखी दिसणारी बाग आणि रानातील जीवांना जगविणारी बाग या दोन गोष्टी एकच आहेत, अशी समजूत तेथे दीर्घकाळ प्रचलित होती. त्या एक नाहीत, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस पुरेशा पुराव्यानिशी दिसून आले.

निरीक्षणाची परंपरा : बागेतील क्षुद्र जीवांकडे उपद्रव म्हणून न पाहता जिज्ञासेने पाहण्याची परंपरा इंग्लंडमध्ये अठराव्या शतकापासून आढळते. हँपशर परगण्यातील सेलबर्न या खेड्यातील धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट (१७२०–९३) याने १७५१ पासून आपल्या बागेची नोंदवही ठेवली. काकड्या व खरबुजे यांच्या लागवडीपासून सुरुवात झालेल्या या नोंदींत हळूहळू पक्ष्यांचे आगमन, कीटक, पाऊस व थंडी यांना स्थान मिळत गेले. त्याचा सेलबर्नचा निसर्गेतिहास १७८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी माळी व शेतकरी गांडुळांना पिकांचा शत्रू समजत. व्हाइटने मात्र १७७७ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात गांडुळे जमीन भुसभुशीत करतात, तीत हवा व पाणी शिरू देतात आणि ती नाहीशी झाल्यास जमीन घट्ट व नापीक होईल, असे प्रतिपादन केले.

हे म्हणणे प्रयोगाने सिद्ध करण्याचे काम चार्ल्स डार्विन (१८०९–८२) याने केंट परगण्यातील डाउन येथील आपल्या घराच्या परिसरात केले. १८४२ च्या डिसेंबरात त्याने एका कुरणावर खडूच्या दगडाचे तुकडे पसरले होते. १८७१ च्या नोव्हेंबरात, म्हणजे २९ वर्षांनी, तेथे चर खणला असता ते तुकडे पृष्ठभागाखाली सु. १८ सेंमी. खोल एका ओळीत आढळले. मधल्या काळात गांडुळांनी वर आणून टाकलेल्या मातीने ते झाकले गेले होते. त्याने १८८१ मध्ये गांडुळांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तत्पूर्वी सु. ९० सेंमी. लांब व ६० सेंमी. रुंद असा जमिनीचा तुकडा साफ करून त्यात आपोआप उगवणाऱ्या प्रत्येक तणाच्या रोपाची त्याने नोंद केली होती. उगवलेल्या ३५७ रोपांपैकी २९५ नष्ट झाली, ती मुख्यतः कवचहीन गोगलगाई व कीटक यांच्यामुळे. जीवनकलहाच्या सिद्धांताला बागेच्या कोपऱ्यातील या हिशोबाचाही आधार होता. वन्यजीवपोषक उद्यानकलेला पुढे जे खरे बळ मिळाले, ते अशाच चिकाटीच्या मोजणीतून मिळाले. परंतु त्यास जवळजवळ एक शतक जावे लागले.

वॉटरटनचे उपवन : निरीक्षणाच्या पुढे जाऊन जीवांना हेतुपुरस्सर आश्रय देण्याचा पहिला मोठा प्रयत्न यॉर्कशर परगण्यातील वेकफील्डजवळच्या वॉल्टन हॉल येथे चार्ल्स वॉटरटन (१७८२–१८६५) या जमीनदाराने केला. दक्षिण अमेरिकेतील गियाना प्रदेशात त्याने बराच काळ भ्रमंती केली होती. तेथून १८१३ मध्ये परतल्यावर त्याने गव्हाणी घुबडांसाठी दगडी घरटे बांधले. घुबड हे अशुभ व शिकारीच्या पक्ष्यांचे वैरी मानले जात असल्याने परिसरातील लोकांना हा विक्षिप्तपणा वाटला. १८२१ ते १८२६ या काळात त्याने उपवनाभोवती सु. ५ किमी. लांबीची उंच भिंत बांधून घेतली आणि आत बंदूक चालविण्यास मनाई केली. पोकळ खोडे, आयव्हीच्या वेलींनी झाकलेल्या पडक्या भिंती व वठलेली झाडे त्याने मुद्दाम राखली. स्टार्लिंग पक्ष्यांसाठी खोबणीदार दगडी मनोरे उभारले आणि काठावरील मातीत बिळे करून राहणाऱ्या भिंगऱ्यांसाठी बांधकामात नळ बसवून कृत्रिम बिळे तयार केली. त्याची ममता सर्वव्यापी नव्हती. तपकिरी उंदीर जर्मनीहून आलेल्या हॅनोव्हर राजघराण्याबरोबर इंग्लंडात शिरला, अशी त्याची समजूत होती. कट्टर कॅथलिक असलेल्या वॉटरटनला ते घराणे आणि तो उंदीर असे दोन्हीही नकोसे होते व त्याने उंदरांचा निःपात करण्यात कसूर केली नाही.

उपवनाच्या सीमेलगत उभ्या राहिलेल्या साबणाच्या कारखान्याचा धूर व सांडपाणी यांमुळे झाडे मरू लागली, तेव्हा वॉटरटनला दीर्घकाळ न्यायालयीन लढा द्यावा लागला. त्याच्या मृत्यूनंतर मुलाने ही मालमत्ता विकली आणि ती विकत घेतली त्याच कारखानदाराच्या घराण्याने. एका व्यक्तीच्या आवडीवर उभे असलेले संरक्षण तिच्याबरोबरच संपते, हे पुढे सार्वजनिक संस्थांकडून होणाऱ्या प्रयत्नांच्या बाजूने नेहमी दिले जाणारे कारण या उदाहरणात पुरेपूर दिसते.

रॉबिन्सनची ‘रानबाग’ : वॉटरटनचे अनुकरण फारसे झाले नाही. व्हिक्टोरियाकालीन बाग उलट दिशेने गेली. एडविन बडिंग याने १८३० मध्ये हिरवळ कापण्याच्या यंत्राचे एकस्व मिळविले आणि पूर्वी कुशल विळेकऱ्यांच्या हातची असलेली आखूड हिरवळ मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचली. काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाल्याने काचगृहे स्वस्त झाली व त्यांत वाढविलेली उष्ण प्रदेशांतील रोपे उन्हाळ्यापुरती बाहेर लावून गालिच्यासारखे रंगीत ताटवे रचण्याची पद्धती रूढ झाली. वर्षातून दोनदा उकरल्या जाणाऱ्या अशा ताटव्यांत गांडूळ, भुंगेरा किंवा कोळी यांना थारा मिळण्याचे कारण नव्हते.

या कृत्रिमतेविरुद्ध विल्यम रॉबिन्सन (१८३८–१९३५) याने आवाज उठविला. आयर्लंडमधून १८६१ मध्ये लंडनला आलेल्या या माळ्याकडे रीजंट्स पार्कमधील वनस्पतिउद्यानात इंग्लंडमधील रानफुलांच्या संग्रहाची देखरेख होती. त्यासाठी खेडोपाडी हिंडताना त्याला पायवाटा, कुंपणे व कुरणे यांच्या कडेची फुले ताटव्यांहून अधिक मोहक वाटली. १८७० मध्ये त्याचा द वाइल्ड गार्डन हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गवतात नार्सिसस व क्रोकस यांचे कंद विखरून लावणे, झुडपांच्या कडांना वनझाडोरा वाढू देणे, वेली झाडांवर चढू देणे इ. कल्पनांचा प्रसार त्याने या व नंतरच्या लेखनातून केला आणि १८८५ च्या सुमारास विकत घेतलेल्या ससेक्समधील ग्रेव्हटाय येथे त्या प्रत्यक्षात उतरविल्या.

रॉबिन्सनच्या रानबागेविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. ती मूळच्या रानटी वनस्पतींची बाग होती, असे समजले जाते. तिच्यात त्यांना स्थान होते हे खरे. परंतु ग्रंथाचा मुख्य विषय वेगळा होता. जगाच्या थंड प्रदेशांतील काटक वनस्पती जेथे निगेवाचून आपोआप फोफावतील, अशा ठिकाणी त्या सोडून द्याव्यात, असे त्याचे सांगणे होते. कीटक किंवा पक्षी यांच्या निर्वाहाचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. तो रंग, आकार व मेहनत यांचा विचार करीत होता. काटक, वेगाने पसरणारी व निगा न मागणारी वनस्पती हा त्याच्या दृष्टीने गुण होता.

या गुणाची किंमत पुढे मोजावी लागली. जपानमधून यूरोपात आलेली व १८५० मध्ये क्यू येथील वनस्पतिउद्यानात पोहोचलेली जपानी नॉटवीड ही वनस्पती रॉबिन्सनसारख्या लेखकांनी शिफारस केल्याने बागांतून सर्वत्र गेली. ब्रिटनमधील तिची जवळजवळ सर्व झाडे मादी असून ती एकाच मूळ झाडाचे शाकीय अंश आहेत. तरीही केवळ भूमिगत खोडाच्या तुकड्यांवाटे ती नदीकाठ, लोहमार्ग व पडीक जमिनी व्यापून बसली. तिच्याइतकीच बोलकी कथा हिमालयीन तेरड्याची आहे. महाराष्ट्रात श्रावण–भाद्रपदात डोंगरउतारांवर फुलणाऱ्या व गौरीच्या पूजेत मान असलेल्या तेरड्याच्या वंशातीलच ही मोठी, गुलाबी फुलांची जाती (इंपेशन्स ग्लँड्युलिफेरा) १८३९ मध्ये हिमालयातून इंग्लंडला नेण्यात आली. हात लागताच फुटून बी उडविणारी तिची फळे मुलांचे खेळणे झाली आणि ते बी ओढ्यांच्या पाण्याबरोबर देशभर पसरले. तिच्या दाट वाढीखाली काठावरील इतर वनस्पती दबतात व थंडीत ती मरून गेल्यावर काठ उघडे पडून त्यांची धूप होते. नॉटवीड रानात लावण्यास वा पसरू देण्यास १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण प्रदेश अधिनियमान्वये मनाई करण्यात आली. तेरड्याचा समावेश त्या यादीत २०१० मध्ये झाला. बागेतून सुटलेल्या वनस्पतींचा उपद्रव भारतालाही अपरिचित नाही. महाराष्ट्रातील डोंगर व्यापणारी घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात शोभेसाठीच आणली गेली होती.

रासायनिक काळ व कुरणांचा ऱ्हास : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बागांतील पक्ष्यांना हिवाळ्यात खाद्य घालण्याची सवय रुळली, १८९०–९१ च्या कडक हिवाळ्यात वृत्तपत्रांनी केलेल्या आवाहनानंतर तिला विशेष चालना मिळाली होती. पक्षिसंरक्षण संस्थेची स्थापना १८८९ मध्ये झाली होती. मात्र तिचा प्रारंभीचा रोख टोप्यांवरील पिसांच्या व्यापाराविरुद्ध होता. बाग ही संरक्षणाची जागा आहे असा विचार अद्याप कोणी गांभीर्याने करीत नव्हते. बाहेर रान विपुल असताना त्याची गरजही भासत नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही परिस्थिती पालटली. डीडीटीचे कीटकनाशक गुणधर्म १९३९ मध्ये लक्षात आले. फक्त रुंद पानांची तणे मारणारी संप्रेरकरूपी तणनाशके युद्धकाळात शोधली गेली. ही द्रव्ये शेतीबरोबरच घरगुती बागांतही पोहोचली. हिरवळीवर गांडुळांच्या विष्ठेचे ढिगारे दिसू नयेत म्हणून गांडुळे मारणारी द्रव्येही विकली जात. व्हाइट व डार्विन यांच्याच देशात हे घडावे, ही इतिहासातील एक विसंगतीच होय. रेचल कार्सन हिचा सायलेंट स्प्रिंग हा ग्रंथ अमेरिकेत १९६२ मध्ये व ब्रिटनमध्ये त्यानंतरच्या वर्षी प्रसिद्ध झाला व द्रव्यांच्या दुष्परिणामांची चर्चा घरोघर पोहोचली; तरी डीडीटीवर तेथे पूर्ण बंदी येण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले.

शेतीतील बदल याहूनही दूरगामी होते. धान्योत्पादनासाठी कुरणे नांगरली गेली, उरलेल्यांना रासायनिक खते देण्यात आली, सजीव कुंपणे उपटण्यात आली आणि शेततळी बुजविण्यात आली. इंग्लंड व वेल्स यांतील रानफुलांनी समृद्ध अशी सखल प्रदेशातील कुरणे १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत सु. ९७ टक्क्यांनी घटली, असे त्या वेळच्या पाहणीत आढळले. गावाबाहेरचे रान असे नाहीसे होत असताना गावातील बागांचे क्षेत्र मात्र टिकून होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार ब्रिटनमधील ८७ टक्के कुटुंबांना बाग असून बागांचे एकूण क्षेत्रफळ सु. ४·३ लाख हेक्टर आहे. इंग्लंडमधील सर्व राष्ट्रीय निसर्ग-राखीव क्षेत्रे एकत्र केली, तरी ती याहून कितीतरी कमी भरतात. बेडकांच्या बाबतीत हा पालट प्रथम जाणवला. शेततळी गेल्यावर अनेक जिल्ह्यांत घरामागची लहान तळीच त्यांच्या प्रजननाची मुख्य स्थाने ठरली.

चळवळीचा उदय : शहरातील निरुपयोगी जमिनीवर मुद्दाम निसर्ग निर्माण करण्याचा प्रयोग १९७७ मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजजवळ झाला. निसर्गसंरक्षण क्षेत्रातील ज्येष्ठ प्रशासक मॅक्स निकल्सन (१९०४–२००३) यांच्या पुढाकाराने मालमोटारींच्या एका जुन्या तळावर माती पसरून तळे, कुरण व झुडपी रान तयार करण्यात आले आणि अठराव्या शतकात लंडनच्या वनश्रीचा अभ्यास करणाऱ्या विल्यम कर्टिसचे नाव त्यास देण्यात आले. शाळकरी मुलांना हे उद्यान विशेष प्रिय झाले. जमीन तात्पुरत्या मुदतीची असल्याने १९८५ मध्ये ते मोडून जमीन परत करावी लागली. त्याच वर्षी किंग्ज क्रॉसजवळ कालव्याकाठच्या कोळशाच्या जुन्या वखारीच्या जागेवर कॅमली स्ट्रीट हे तशाच प्रकारचे निसर्गोद्यान खुले झाले. मुंबईत मिठी नदीकाठी, धारावीलगत, शहराचा कचरा टाकण्याच्या जागेवर उभारलेले व १९९४ मध्ये खुले झालेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान याच विचाराचे भारतीय उदाहरण होय.

खाजगी बागांच्या क्षेत्रात ख्रिस बेन्स यांचे कार्य निर्णायक ठरले. चेल्सी येथील प्रतिष्ठित वार्षिक पुष्पप्रदर्शनात १९८५ मध्ये त्यांनी वन्यजीवांसाठी रचलेली बाग मांडली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले त्यांचे मार्गदर्शक पुस्तकही लोकप्रिय झाले. तळे, न कापलेल्या गवताचा पट्टा, बोरवर्गीय फळांची झुडपे आणि कुजणाऱ्या लाकडांचा ढीग हे घटक त्यानंतर अशा बागेची जणू ओळखच बनले.

याच सुमारास कीटकशास्त्रज्ञ मिरियम रॉथ्सचाइल्ड (१९०८–२००५) यांनी नॉर्थँप्टनशरमधील ॲश्टन वोल्ड येथे रानफुलांच्या बियांची शेती सुरू केली. पिसवांवरील जगन्मान्य संशोधन करणाऱ्या या विदुषीने आपले राहते घरही वेलींनी झाकून जाऊ दिले होते. खसखशीच्या कुळातील लाल पॉपी, निळे कॉर्नफ्लॉवर इ. शेतातून हद्दपार झालेल्या फुलांच्या बियांच्या मिश्रणास त्यांनी ‘शेतकऱ्याचे दुःस्वप्न’ असे मिस्कील नाव दिले. बी पेरले की कुरण तयार होते, हा समज मात्र लवकरच खोटा ठरला. मंक्स वुड येथील संशोधन केंद्रातील टेरी वेल्स व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की रानफुलांच्या कुरणाला निकस जमीन लागते. वर्षानुवर्षे खत घातलेल्या बागेच्या मातीत राठ गवते जोमाने वाढून फुलझाडांना गुदमरवितात. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस गवत कापून ते तेथून उचलून न्यावे लागते, काही वेळा वरचा सुपीक थरच काढून टाकावा लागतो. गवताच्या मुळांतून अन्नरस शोषून त्याचा जोर कमी करणारी यलो रॅटल ही अर्धपरजीवी वनस्पतीही यासाठी मुद्दाम पेरतात. जमीन सुपीक करणे हेच ज्याचे आयुष्यभराचे कसब, त्या माळ्याला ती निकस करण्यास सांगणे सोपे नव्हते.

मोजणी व तिचे निष्कर्ष : बागेत प्रत्यक्षात किती जीव राहतात, या साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र चळवळीपाशी नव्हते. ते जेनिफर ओएन या प्राणिशास्त्रज्ञ विदुषीने दिले. आफ्रिकेतील अध्यापनकाळात बागांतील कीटकांच्या वैपुल्याकडे त्यांचे लक्ष वेधले गेले होते. इंग्लंडला परतल्यावर लेस्टर शहराच्या उपनगरातील आपल्या घराच्या ७४१ चौ. मी. क्षेत्राच्या बागेत त्यांनी १९७२ पासून ३० वर्षे सातत्याने नोंदी ठेवल्या. ही बाग रानासारखी मुळीच नव्हती. तीत कापलेली हिरवळ, भाज्यांचे वाफे, फळझाडे व नेहमीची शोभेची फुले होती. फक्त विषारी द्रव्यांचा वापर नव्हता आणि जमीन झाडोऱ्याने झाकलेली राहील, एवढी दक्षता होती. तंबूसारख्या जाळीचा सापळा लावून उडते कीटक पकडून ओळखले जात. तीस वर्षांत एकूण २,६७३ जाती नोंदल्या गेल्या. त्यांपैकी वनस्पतींच्या ४७४, कीटकांच्या १,९९७, इतर अपृष्ठवंशी प्राण्यांच्या १३८ व पृष्ठवंशी प्राण्यांच्या ६४ होत्या. इतर कीटकांच्या शरीरात अंडी घालणाऱ्या इक्न्युमॉन गांधीलमाश्यांच्या शेकडो जाती तेथे आढळल्या. त्यांतील काही ब्रिटनमध्ये पूर्वी कधीच नोंदल्या गेल्या नव्हत्या व काही तर विज्ञानालाच नव्या होत्या. पहिल्या पंधरा वर्षांचा वृत्तांत १९९१ मध्ये व संपूर्ण अभ्यास २०१० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. या नोंदींची दुसरी बाजू चिंताजनक होती : तीस वर्षांच्या काळात निशाचर पतंगांची संख्या घटत गेली होती. उत्तम बागही सभोवतालच्या प्रदेशापासून अलिप्त राहू शकत नाही, हे त्यावरून दिसले.

एका बागेवरून सर्व बागांविषयी निष्कर्ष काढता येत नाही, ही उणीव शेफील्ड विद्यापीठातील केव्हिन गॅस्टन, केन टॉम्पसन इ. संशोधकांनी भरून काढली. १९९९–२००२ या काळात त्यांनी शहरातील ६१ खाजगी बागांची पाहणी केली. त्यांत आढळलेल्या अकराशेहून अधिक वनस्पतींपैकी सु. ७० टक्के परदेशी मूळच्या होत्या. असे असूनही अपृष्ठवंशी प्राण्यांच्या वैपुल्याशी देशी वनस्पतींच्या प्रमाणाचा ठळक संबंध आढळला नाही. लहान बागा मोठ्या बागांच्या तुलनेत निकृष्ट ठरल्या नाहीत. झाडे, झुडपे व उंच वाढलेला झाडोरा यांचे एकूण घनफळ हे अधिक महत्त्वाचे ठरले.

पुस्तकांतून वारंवार सुचविल्या जाणाऱ्या उपायांची परीक्षा हा या संशोधनाचा सर्वांत उपयुक्त भाग होय. एकएकट्या राहणाऱ्या मधमाश्यांसाठी लाकडात भोके पाडून किंवा पोकळ कांड्या बांधून केलेली घरटी लवकर व्यापली गेली. बंबल मधमाश्यांसाठी ठेवलेल्या पेट्या मात्र रिकाम्या राहिल्या. फुलपाखरांच्या सुरवंटांसाठी मुद्दाम लावलेल्या नेटल या दंशक वनस्पतीच्या पुंजक्यांवर एकही सुरवंट आला नाही. नेटल बाहेर सर्वत्र मुबलक असते व माद्या अंडी घालण्यासाठी उन्हातील मोठे पुंजके निवडतात. कोपऱ्यातील कुंडीभर नेटलची त्यांना गरज नसते. असंख्य पुस्तकांतून एकमेकांचे पाहून उतरविलेला एक सल्ला अशा रीतीने निकालात निघाला.

देशी आणि परदेशी वनस्पतींचा वाद मात्र एवढ्याने मिटला नाही. विस्ली येथील राजकीय उद्यानविद्या संस्थेच्या बागेत २०१० ते २०१३ या काळात देशी, निकटदेशी (उत्तर गोलार्धातील) आणि दूरदेशी (दक्षिण गोलार्धातील) वनस्पतींचे समान आकाराचे वाफे तयार करून त्यांवर येणारे कीटक मोजण्यात आले. देशी व निकटदेशी वाफ्यांवर परागण करणारे कीटक अधिक आले. परंतु दूरदेशी वनस्पती उशिरापर्यंत फुलत असल्याने हंगामाच्या शेवटी त्यांचाच आधार होता. येथे मध आणि पान यांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. मध अनेक कीटक कोणत्याही फुलातून घेऊ शकतात; पान खाणारे सुरवंट मात्र बहुधा ठराविक वनस्पतींवरच जगतात. चीनमधून आलेले ‘फुलपाखरांचे झुडूप’ बडलिया उन्हाळ्यात फुलपाखरांनी भरून जाते, पण त्याच्या पानांवर सुरवंट क्वचितच पोसले जातात. शिवाय ते लोहमार्गांच्या कडेने रानोमाळ पसरले आहे. घाणेरीच्या फुलांवर भिरभिरणारी, पण अंडी घालण्यासाठी लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे झाड शोधणारी महाराष्ट्रातील फुलपाखरे हीच गोष्ट दाखवितात.

औदार्याचे दुष्परिणाम : बागेतील पाहुणचारही नेहमी हितकारक ठरतोच असे नाही. ब्रिटनमधील कित्येक घरांत पक्ष्यांना दाणे घातले जातात व गोल्डफिंचसारख्या काही जातींना त्याचा लाभ झालेला आहे. परंतु पारव्यांत आढळणारा ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी २००५ मध्ये फिंच पक्ष्यांत शिरला आणि एकाच पात्रावर दाटीने जमणाऱ्या पक्ष्यांमध्ये लाळेने दूषित झालेले दाणे व पाणी यांतून वेगाने पसरला. गिळता न आल्याने पक्षी उपाशी मरतात. पूर्वी बागांत सर्रास दिसणाऱ्या ग्रीनफिंचची संख्या काही वर्षांतच सु. एक-तृतीयांशाने घटली व घट चालूच राहिल्याने २०२१ मध्ये त्याचा समावेश धोक्यातील पक्ष्यांच्या लाल यादीत करावा लागला. पात्रे वारंवार धुणे, त्यांच्या जागा बदलणे व आजारी पक्षी दिसताच खाद्य थांबविणे, असे उपाय त्यानंतर सुचविण्यात आले.

रोपवाटिकांचा प्रश्न अधिक अवघड आहे. परागण करणाऱ्या कीटकांसाठी योग्य, अशा चिठ्ठ्या लावून विकल्या जाणाऱ्या फुलझाडांची ससेक्समधील संशोधकांनी तपासणी केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ७० टक्क्यांहून अधिक रोपांत निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशकांचे अंश आढळले. मधमाश्यांसाठी म्हणून आणलेले रोपच त्यांना विष पाजण्याचा संभव अशा प्रकारे निर्माण होतो आणि ग्राहकाला ते ओळखण्याचा कोणताही मार्ग नसतो. गोगलगाई मारण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचा उघड्यावरील वापर ब्रिटनमध्ये २०२२ च्या वसंत ऋतूपासून बंद करण्यात आला. पक्षी व जाहक यांना त्यापासून असलेला धोका हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

जाहकाच्या निमित्ताने बागेकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. अंगावर काटे असलेला, किडे व अळ्या खाणारा हा निशाचर प्राणी एका रात्रीत एक ते दोन किमी. भटकतो, कितीही चांगली असली, तरी एक बाग त्याला पुरत नाही. लाकडी फळ्यांची बंदिस्त कुंपणे ही त्याची मुख्य अडचण होय. जाहकांसाठी २०११ मध्ये सुरू झालेल्या एका मोहिमेत शेजाऱ्यांनी परस्परांशी बोलून कुंपणांच्या तळाशी १३ सेंमी. चौरस भोके पाडावीत, असे आवाहन करण्यात आले. खर्च जवळजवळ काहीच नसलेल्या या उपायास मोठा प्रतिसाद मिळाला. मे महिन्यात हिरवळ कापू नये, ही २०१९ मध्ये सुरू झालेली मोहीमही अशीच सोपी असल्याने लोकप्रिय झाली. मात्र जूनमध्ये सर्व गवत एकदम कापल्यास त्यात आश्रय घेतलेल्या जीवांचे काय होते, याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते.

या सर्व प्रयत्नांच्या काळातच बागांची जमीन मात्र कमी होत होती. मोटारी उभ्या करण्यासाठी घरापुढील मोकळी जागा फरसबंद करणे, मागील अंगणात लाकडी तक्तपोशी घालणे व खोल्या वाढविणे यांमुळे लंडनमधील बागांचे झाडोऱ्याखालील क्षेत्र १९९८ ते २००८ या दहा वर्षांत सु. १२ टक्क्यांनी, म्हणजे सु. ३,००० हेक्टरांनी घटले; शहरातील हाइड पार्कसारखी अडीच उद्याने दर वर्षी नाहीशी व्हावीत, इतके हे प्रमाण होते. पावसाचे पाणी मुरण्यास जागा न उरल्याने रस्त्यांवर पाणी साचण्याचे प्रकार वाढले, तेव्हा इंग्लंडमध्ये २००८ पासून घरापुढील पाच चौ. मी. हून मोठ्या जागेवर पाणी न मुरू देणारी फरसबंदी करण्यास पूर्वपरवानगी आवश्यक करण्यात आली. नियमाचा हेतू पूरनियंत्रणाचा होता. घरामागच्या अंगणास तो लागू नाही.